युद्धाची किंमत मोजताना रेघ कुठे मारायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इराक युद्धात मेलेल्यांचा आकडा कुठे दीड लाख दिसतो, कुठे साडेसहा लाख. खर्चाचंही तेच, कुणी ५०-६० अब्ज डॉलर म्हणतं, कुणी ३ ट्रिलियन (३ लाख कोटी). यातला खरा कोणता? जीव आणि पैसा एकाच तराजूत घालून युद्ध परवडलं की नाही हे ठरवता येतं का? आणि लेख लिहायचा झाला तर त्यात कोणता आकडा द्यावा?

मी गेली सुमारे वीस वर्षं युद्धग्रस्त भागांत मृत्यूंच्या पाहण्या करते. घरोघर जाऊन विचारायचं, नोंदवायचं आणि मग त्यावरून संपूर्ण देशाचा अंदाज काढायचा, हे माझं काम. पैशाच्या बाजूचं काम करणाऱ्यांबरोबर अनेक वर्षं बसले आहे, त्यामुळे त्यांची आकडेमोडही जवळून पाहिली आहे.

आधी सरळ उत्तर देते. यातले बरेचसे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून ते वेगळे दिसतात. कधीपासून कधीपर्यंत मोजलं, कुणाकुणाला धरलं आणि कशाच्या तुलनेत ‘जास्त’ म्हटलं, या तीन रेघा जिथे मारल्या जातात तिथे आकडा ठरतो. जीव आणि पैसा मात्र मी एका बेरजेत घालत नाही, आणि कुणी घातले तर ती बेरीज आधी सोडवून दाखवायला सांगते. ते का, हे पुढे येईलच.

मृत्यूंपासून सुरू करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच आहे.

इराकवर हल्ला झाला २० मार्च २००३ ला. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पहिली पाहणी छापून आली: सुमारे ९८ हजार अतिरिक्त मृत्यू, म्हणजे युद्ध नसतं तर जे झाले नसते ते. पण त्या आकड्याची ९५ टक्के खात्रीची मर्यादा होती ८ हजार ते १ लाख ९४ हजार, म्हणजे खरा आकडा या दोन टोकांमध्ये कुठेही असू शकत होता. वर्तमानपत्रांनी मधला आकडा उचलला आणि मर्यादा सोडून दिली. २००६ मध्ये त्याच नियतकालिकात दुसरी पाहणी आली. ४७ ठिकाणची १,८४९ घरं, आणि अंदाज ६,५४,९६५ अतिरिक्त मृत्यूंचा, त्यातले सहा लाखांहून जास्त हिंसेमुळे. मग जानेवारी २००८ मध्ये इराकचं आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. ९,३४५ घरं, म्हणजे नमुना पाचपट. तिचा अंदाज मार्च २००३ ते जून २००६ या काळातल्या हिंसक मृत्यूंपुरता होता: १ लाख ५१ हजार. बातम्या, शवागारं यांतून एकेक मृत्यूची नोंद जमवणाऱ्या ‘इराक बॉडी काउंट’कडे त्याच काळाचे ४७,६६८ नागरिक होते. आणि २०१३ मध्ये आणखी एक पाहणी आली, २०११ पर्यंतचा काळ धरणारी. तिचा अंदाज सुमारे ४ लाख ५ हजार अतिरिक्त मृत्यू, देश सोडून गेलेल्या कुटुंबांची दुरुस्ती केली तर पाच लाखांच्या जवळ. तिची मर्यादाही ४८ हजारांपासून ७ लाख ५१ हजारांपर्यंत पसरलेली.

आता हे आकडे रेघांवर ठेवून बघा. ४७ हजार म्हणजे ज्यांच्या मृत्यूची कुठेतरी नोंद झाली ते. तो तळ आहे, त्याखाली आकडा जाऊ शकत नाही. दीड लाख म्हणजे हिंसेने मेलेले, नोंद झालेली असो वा नसो. चार-पाच लाख म्हणजे युद्ध झालं नसतं तर जे त्या काळात जगले असते ते सगळे. त्यात गोळी लागलेला आहे, तसाच औषध न मिळालेला मधुमेहीही आहे. हे तिन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात.

२००६ ची ‘लॅन्सेट’ पाहणी आणि सरकारी पाहणी या दोन मात्र खरोखर भिडतात. काळ तोच, हिंसक मृत्यूही तेच, आणि फरक चौपट. इथे ‘दोघंही आपापल्या जागी बरोबर’ म्हणून चालणार नाही. २००६ च्या पाहणीचा नमुना लहान होता, आणि पद्धतीची माहिती पुरेशी खुली न केल्याबद्दल अमेरिकेतल्या जनमत पाहणी तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये तिच्या प्रमुखांवर ठपका ठेवला. म्हणून माझा कल मोठ्या नमुन्याकडे आहे. पण त्याही पाहणीत दहापैकी एका ठिकाणी माणसं पोचूच शकली नाहीत, आणि ती ठिकाणं मुख्यतः बगदाद आणि पश्चिमेकडच्या अन्बार प्रांतातली, म्हणजे जिथे मारामारी सर्वांत जास्त. तिथली भर दुसऱ्या स्रोतावरून घालावी लागली. शिवाय सरकारी खात्याचा माणूस दारात उभा राहून ‘घरात कुणाला गोळी लागली का’ असं विचारतो तेव्हा घर हातचं राखून बोलतं. हे मी स्वतः पाहिलं आहे.

पाहणी म्हणजे नेमकं काय होतं, हे आकडे वाचणाऱ्यांना सहसा कळत नाही, म्हणून जरा जवळून सांगते. आम्ही थेट ‘कोण मेलं’ असं कधीच विचारत नाही. विचारतो, ‘लढाई सुरू होण्याआधी या छपराखाली रात्री कोण कोण झोपायचं?’ मग एकेकाचं नाव, वय, आणि तो आता कुठे आहे. तारखा कुणाच्या लक्षात नसतात. म्हणून गावकऱ्यांशी बोलून आधी एक घटनांचं कॅलेंडर बनवतो: पूल पडला तेव्हा, गहू काढला तेव्हा, सणाच्या आधी की नंतर. एका घरी एका बाईंनी पाच नावं सांगितली, पाचही जिवंत. कागद आवरत होतो तेवढ्यात शेजारीण हळूच म्हणाली, ‘आणि बाळाचं?’ त्या बाईंना अकरा दिवसांचं मूल होतं. ताप आला, दवाखाना नदीपलीकडे, नाका रात्रभर बंद. पहाटे रस्त्यातच गेलं. तुम्ही सांगितलं का नाही, असं दुभाष्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘नाव ठेवलं नव्हतं. नावं विचारलीत ना तुम्ही.’

त्या दिवसापासून माझ्या प्रश्नावलीत नाव न ठेवलेल्या मुलांसाठी वेगळी ओळ असते. पण त्याआधी आम्ही किती घरांतून असे पाच-पाच जिवंत लिहून बाहेर पडलो असू?

उलट टोकाची अडचणही आहे. जे घर संपूर्ण संपलं तिथे उत्तर द्यायला कुणी नसतं. दाराला कुलूप, शेजारी म्हणतात सगळे गेले. कुठे गेले? मान हलवतात. आमच्या कागदावर त्या घरासमोर ‘बंद’ एवढाच शेरा पडतो, बाजारात गेलेल्या कुटुंबासमोर पडतो तोच. म्हणजे ज्यांचं सर्वस्व गेलं तेच पाहणीतून निसटतात. यावर दुरुस्तीचे उपाय आहेत, पण ते आकडा सुधारतात, भरून काढत नाहीत.

तिसरी रेघ, ‘कशाच्या तुलनेत’, ही सर्वांत कमी दिसते आणि आकडा सर्वांत जास्त हलवते. मध्य आफ्रिकेतल्या काँगोमधल्या युद्धाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट १९९८ ते एप्रिल २००७ या काळात तिथे ५४ लाख अतिरिक्त मृत्यू झाले असा ‘इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी’ या मदतसंस्थेचा अंदाज जगभर छापला गेला. यातले गोळीने किंवा हत्याराने मेलेले फार थोडे. बहुतेक जण हिवताप, जुलाब, न्यूमोनिया, उपासमार यांनी गेले, आणि त्यात लहान मुलं भरपूर. आता ‘अतिरिक्त’ काढायला युद्ध नसतं तर किती मेले असते हे धरावं लागतं. त्यांनी धरले दर महिन्याला हजार माणसांमागे दीड मृत्यू, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची सरासरी. टीकाकार म्हणाले, काँगो या सरासरीपेक्षा आधीपासूनच वाईट स्थितीत होता, हजारी दोन धरा. ऐकायला फरक हजारी अर्ध्याचा. पण एक कोटी वस्तीवर तो अर्धा म्हणजे महिन्याला ५ हजार, वर्षाला ६० हजार मृत्यू. काँगोतल्या नंतरच्या पाहण्यांना हा बदल लावला तर त्यांचा आकडा निम्म्याहूनही खाली येतो. कुणी खोटं बोललेलं नाही, मोजदादही तीच. फक्त जी शांतता कधी अनुभवलीच नाही तिच्याबद्दलचं गृहीतक बदललं. या वादात मी टीकाकारांच्या बाजूला झुकते. तरीही कमीत कमी आकडा घेतला तरी तो लाखोंत राहतो, हे विसरू नये.

सैनिकांचे मृत्यू मोजणं वेगळ्या कारणाने अवघड असतं: ते लपवले जातात. पण मृत्यू कुठे ना कुठे कागदावर उतरतोच. रशियात मृताच्या मागे मालमत्ता असली की वारसाहक्काचं प्रकरण नोटरीच्या नोंदवहीत उघडलं जातं, आणि ती नोंदवही तेव्हा सार्वजनिक होती. ‘मीडियाझोना’ आणि ‘मेदूझा’ या दोन रशियन वृत्तसंस्थांनी एका संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्या नोंदी वयानुसार लावल्या. तरुण पुरुषांची प्रकरणं त्याच वयाच्या स्त्रियांच्या तुलनेत नेहमीपेक्षा किती वाढली, हे काढलं. जुलै २०२३ मध्ये त्यांनी मांडलेला अंदाज होता, मे २०२३ अखेरपर्यंत युक्रेन युद्धात सुमारे ४७ हजार रशियन सैनिक ठार. युक्रेनच्या मारिऊपोल शहरात तर रशियन वेढ्यानंतर नोंदीच हाती लागत नव्हत्या. तिथे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ ही मानवी हक्क संघटना आणि तिच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांत दिसणाऱ्या कबरी मोजल्या. पाच दफनभूमींत दहा हजारांहून जास्त नव्या कबरी, आणि नेहमीचे मृत्यू वजा करून मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये किमान ८ हजार अतिरिक्त मृत्यू. यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ढिगाऱ्याखाली राहिलेल्यांची कबर चित्रात दिसत नाही.

आता पैसा.

सप्टेंबर २००२ मध्ये व्हाइट हाउसचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे म्हणाले की इराक युद्धाला १०० ते २०० अब्ज डॉलर लागतील. डिसेंबरमध्ये त्यांना पद सोडावं लागलं. अर्थसंकल्प विभागाचे प्रमुख मिच डॅनियल्स यांनी मग ५० ते ६० अब्जांचा आकडा सांगितला. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅटसिऑस यांनी टीव्हीवर सांगितलं की पुनर्बांधणीसाठी अमेरिकी करदात्याच्या खिशातून १.७ अब्जच जातील. प्रत्यक्षात केवळ पुनर्बांधणीवर अमेरिकेचे सुमारे ६० अब्ज गेले. प्रश्नात आलेले ३ ट्रिलियन हे २००८ साली अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांनी काढले.

आधीचे सगळे आकडे मूर्खपणाचे होते असं नाही. येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी २००२ मध्येच अंदाज मांडला होता, आणि त्यांनी एक आकडा न देता पल्ला दिला: युद्ध लवकर आटोपलं तर ढोबळ १०० अब्ज, चिघळलं तर दीड ट्रिलियनच्याही वर. माहिती सगळ्यांपुढे तीच होती. नॉर्डहाउस यांनी ‘चिघळलं तर’ हा रकाना कोरा ठेवला नाही, एवढंच. म्हणून युद्धापूर्वी एकच नेमका आकडा देणाऱ्या कुणावरही मी विश्वास ठेवत नाही, मग तो युद्धाच्या बाजूचा असो की विरोधातला.

५० अब्ज आणि ३ ट्रिलियन यांच्यामध्ये काय काय बसतं? पहिला आकडा म्हणजे रोखीचा हिशेब: दारूगोळा, इंधन, जादा भत्ते. दुसऱ्यात युद्ध संपल्यावरचं सगळं येतं, आणि त्यात एक मोठा तुकडा जखमी सैनिकांचा. दुसऱ्या महायुद्धात एका मृत अमेरिकी सैनिकामागे दोनच्या आसपास जखमी होते. इराकमध्ये ते प्रमाण साताच्या घरात गेलं. चिलखती जाकिटं आणि तासाभरात हेलिकॉप्टरने शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचवण्याची सोय, यामुळे जे पूर्वी मेले असते ते वाचले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मेंदूला मार लागलेला बावीस वर्षांचा मुलगा वाचतो तेव्हा पुढची पन्नास वर्षं त्याचा सांभाळ करावा लागतो. सरकारच्या वहीत तो पेन्शन आणि उपचार म्हणून दिसतो. नोकरी सोडून त्याच्याजवळ बसलेली आई किंवा बायको कुठल्याच वहीत दिसत नाही. ब्राउन विद्यापीठाच्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाने २०२१ मध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरच्या सर्व युद्धांचा अमेरिकेचा खर्च ८ ट्रिलियन डॉलर काढला. त्यातले २.२ ट्रिलियन हे माजी सैनिकांच्या २०५० पर्यंतच्या देखभालीचे, म्हणजे तेव्हा अजून द्यायचे होते.

ही शेपूट किती लांब असते याची दोन उदाहरणं मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्याचं शेवटचं पेन्शन थांबलं २०२० मध्ये, उत्तर कॅरोलिनातल्या एका वृद्ध बाईंच्या निधनानंतर. त्या एका सैनिकाच्या अपंग कन्या होत्या, वडिलांच्या अगदी उतारवयात जन्मलेल्या, आणि त्यांना महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट मिळत. दुसरं, पहिल्या महायुद्धासाठी १९१७ मध्ये काढलेल्या कर्जरोख्यांचा ब्रिटनच्या डोक्यावरचा उरलेला बोजा ९ मार्च २०१५ ला फिटला. जे लढले ते सगळे तोवर गेले होते, व्याज त्यांच्या पणतवंडांनी भरलं. अमेरिकेने तर इराकच्या वेळी कर वाढवण्याऐवजी २००१ आणि २००३ मध्ये कमी केले आणि युद्ध उधारीवर लढलं. लोकांना खिशात चटका बसलाच नाही. मला वाटतं, युद्धाच्या खर्चावर तेव्हा म्हणावी तशी चर्चा न होण्याचं हे एक मोठं कारण होतं.

हे झालं लढायला गेलेल्या देशाचं. ज्या जमिनीवर लढाई झाली तिचा हिशेब निराळा असतो. तिथे नुकसान, तोटा आणि गरज असे तीन शब्द वापरतात, आणि बातम्यांत ते सर्रास एकमेकांच्या जागी येतात. नुकसान म्हणजे मोडलेल्या वस्तू: घरं, पूल, वीजकेंद्रं. तोटा म्हणजे त्या मोडल्यामुळे थांबलेलं उत्पन्न. गरज म्हणजे ते पुन्हा उभं करायला, तेही आजच्या दर्जाने, किती लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक बँक, युक्रेन सरकार, युरोपीय आयोग आणि संयुक्त राष्ट्रं यांनी युक्रेनसाठी दिलेला ५२४ अब्ज डॉलरचा आकडा हा गरजेचा आहे, दहा वर्षांचा, आणि तो देशाच्या २०२४ च्या जीडीपीच्या सुमारे २.८ पट होतो. प्रत्यक्ष नुकसान त्याच अहवालात १७६ अब्ज आहे. ‘युक्रेनमध्ये ५२४ अब्जांचं नुकसान’ असं छापलेलं मी कितीदा वाचलं असेल.

मोडलेल्या इमारती डोळ्यांना दिसतात, म्हणून आपण त्यांनाच खर्च समजतो. सीरियाबद्दल जागतिक बँकेने २०१७ मध्ये केलेला हिशेब या समजुतीला धक्का देतो. २०११ ते २०१६ मध्ये देशाने गमावलेला जीडीपी एकंदर २२६ अब्ज डॉलर. त्यात इमारती-यंत्रं नष्ट झाल्यामुळे झालेला भाग छोटा, आणि आर्थिक व्यवहाराची घडी विस्कटल्यामुळे झालेला त्याच्या वीसपट. घडी म्हणजे काय? ज्या व्यापाऱ्याला उधार माल मिळायचा त्याला आता मिळत नाही. ट्रक चालतो, पण तीन नाक्यांवर तीन टोळ्यांना पैसे देऊन. डॉक्टर जर्मनीत गेला. बँकेवर भरवसा नाही म्हणून पैसा घरात पडून. या गोष्टींचा फोटो निघत नाही.

इमारती तर पुष्कळदा अपेक्षेपेक्षा लवकर सावरतात. हिरोशिमा आणि नागासाकी दोन-तीन दशकांत आपल्या जुन्या वाढीच्या मार्गावर परतल्या, हे अर्थशास्त्रज्ञांनी लोकसंख्येच्या आकड्यांवरून दाखवलं आहे. व्हिएतनाममध्ये ज्या जिल्ह्यांवर सर्वाधिक बाँब पडले ते पंचवीस वर्षांनंतर इतरांपेक्षा गरीब असल्याचं आढळलं नाही. हे अभ्यास मला पटतात, पण त्यांचा अर्थ कुणी ‘शेवटी सगळं भरून येतं’ असा लावला की मला राहवत नाही. भरून येतं ते शहर. ज्या माणसांचं गेलं ती माणसं आणि भरून आल्यानंतर तिथे राहणारी माणसं एकच नसतात. जर्मनी-ऑस्ट्रियात जी मुलं युद्धकाळात दहा वर्षांच्या आसपास होती त्यांचं शिक्षण कमी झालं, आणि त्याची तूट चाळीस वर्षांनंतरच्या त्यांच्या पगारात दिसली. शाळा पुन्हा बांधता येते, इयत्ता चौथी पुन्हा येत नाही. आणि जमीनही नेहमी सावरत नाही. लाओसवर १९६४ ते १९७३ मध्ये २० लाख टनांहून जास्त बाँब पडले. त्यातल्या क्लस्टर बाँबमधून, म्हणजे हवेत उघडून असंख्य छोटे बाँब पसरवणाऱ्या बाँबमधून, पडलेल्या सुमारे २७ कोटी छोट्या बाँबपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. तिथे आजही नांगर घालण्याआधी जमीन तपासावी लागते.

जीडीपी हे माप इथे विशेष फसवं आहे. तोफगोळे बनवले की तो वाढतो, पडलेला पूल बांधला की पुन्हा वाढतो. पूल पडला ते मात्र त्यातून वजा होत नाही.

युद्धात नसलेल्यांचाही भाग असतो. युक्रेनवर हल्ला झाल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नाच्या किमतींचा निर्देशांक तोवरच्या सर्वोच्च पातळीवर गेला. नंतर तो उतरत गेला; युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून बाहेर काढण्याच्या करारातून वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल निघाला, त्याचाही त्याला हातभार लागला. दूरच्या देशातल्या कुटुंबाने रोजची एक भाकरी कमी केली, ती कुणाच्या युद्धखर्चात लिहायची? मी लिहिते, पण वेगळ्या पानावर.

आता मूळ दुखऱ्या जागेकडे येते: जिवाची किंमत. स्टिग्लिट्झ-बिल्म्स यांच्या हिशेबात एका अमेरिकी सैनिकाच्या मृत्यूची आर्थिक किंमत सुमारे ७० लाख डॉलर धरली होती. रस्ते किंवा कारखान्यांच्या सुरक्षेचे नियम ठरवताना तिथलं सरकार जी पद्धत वापरतं तीच. त्या सैनिकाच्या घरच्यांना प्रत्यक्ष मिळत होते ५ लाख: १ लाख सानुग्रह आणि ४ लाख विमा. आणि अमेरिकी कारवाईत चुकून मारल्या गेलेल्या इराकी नागरिकाच्या कुटुंबाला दिल्या जाणाऱ्या सांत्वनपर रकमेची नेहमीची कमाल मर्यादा होती २,५०० डॉलर. कुणी तरी बसून हे आकडे ठरवले, त्यावर सह्या झाल्या. आज युक्रेन शहीद सैनिकाच्या कुटुंबाला दीड कोटी हरिव्निया देतं. रशियात मार्च २०२२ च्या अध्यक्षीय आदेशाने ५० लाख रुबल ठरले, बाकी देणी वेगळी.

भरपाई द्यायलाच हवी, त्यावर माझं दुमत नाही. पण भरपाईच्या याच आकड्यांनी मृतांना गुणून ‘मानवी खर्च’ काढला तर काय होईल ते बघा. दोनशे इराकी मेले तर बेरजेत एका अमेरिकी सैनिकाएवढे होतील. उत्पन्नावरून जिवाची किंमत काढली तर गरिबाचं मरण स्वस्त, म्हाताऱ्याचं त्याहून स्वस्त, आणि त्या अकरा दिवसांच्या बाळाचं जवळजवळ फुकट. बेरीज गणिताने बरोबर असेल, पण तिच्यावरून युद्ध कुठे करावं याचं उत्तर निघेल ‘जिथे माणसं स्वस्त आहेत तिथे’. म्हणून मी दोन वह्या ठेवते. एकीत माणसं, माणसांच्याच एककात. दुसरीत पैसा. दोन्ही शेजारी उघड्या ठेवून निर्णय घ्यावा, एकीचं दुसरीत रूपांतर करू नये.

युद्धाचं बिल खरोखर ओळीनुसार काढून वसूल झालं, असंही एकदा घडलं आहे, आणि ते मुळातून बघण्यासारखं आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतला. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला. सुमारे २७ लाख दावे आले, मागणी ३५२ अब्ज डॉलरची. मंजूर झाले ५२.४ अब्ज, सुमारे १५ लाख दावेदारांना. पैसा इराकच्या तेलविक्रीतून कापला जायचा, सुरुवातीला ३० टक्के, पुढे २५, मग ५, आणि शेवटी ३. शेवटचा हप्ता गेला जानेवारी २०२२ मध्ये, कुवेतच्या राष्ट्रीय तेल कंपनीच्या १४.७ अब्जांच्या दाव्यापोटी. एकतीस वर्षं. आयोगाने एक गोष्ट चांगली केली: मोठ्या कंपन्यांच्या आधी साध्या माणसांचे, पळून जावं लागलेल्या कामगारांचे दावे निकाली काढले. पण नात्यातलं माणूस गमावलेल्यांसाठीची ठरलेली रक्कम तिथेही २,५०० डॉलरच होती, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १० हजार. आणि हप्ते भरत होती इराकी जनता, जिला युद्ध हवं का असं कुणी विचारलं नव्हतं. त्यातली शेवटची वर्षं भरणाऱ्यांत १९९० नंतर जन्मलेली मुलंही होती.

एक मुद्दा राहिला, आणि तो टाळला तर माझं उत्तर अर्धवट ठरेल. खर्च मोठा आहे एवढ्यावरून युद्ध चूक होतं हे सिद्ध होत नाही. हल्ला करणाऱ्याच्या वहीत समोरचा पर्याय असतो ‘युद्ध न करणं’. ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या वहीत तो पर्याय नसतोच. त्याच्यासमोर ‘लढणं’ आणि ‘ताब्यात जाणं’ असे दोन रकाने असतात, आणि दुसऱ्याही रकान्यात मृत्यू असतात, छळ असतो, हद्दपारी असते. युक्रेनच्या माणसाला ‘लढून केवढं नुकसान करून घेतलंत’ असं ऐकवणारे हा दुसरा रकाना कोरा सोडतात. उलट २००३ मध्ये हल्ला करणाऱ्यांनी ‘हल्ला न केल्यास होणारा खर्च’ वाटेल तसा फुगवला, आणि ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने फुगवला ती सापडलीच नाहीत. कोरा सोडलेला आणि फुगवलेला, दोन्ही रकाने तपासणं हे आमच्यासारख्यांचं काम आहे. ते युद्धाआधी व्हायला हवं. बहुतेकदा आम्हाला बोलावतात ते नंतर.

आता लेखात काय लिहायचं ते. मी असं लिहीन: ‘मार्च २००३ ते जून २००६ या काळात इराकमध्ये हिंसेने सुमारे दीड लाख माणसं मेली असा सर्वांत मोठ्या पाहणीचा अंदाज आहे, मर्यादा १ लाख ४ हजार ते २ लाख २३ हजार. २०११ पर्यंतचे आणि अप्रत्यक्ष मृत्यू धरले तर आकडा काही लाखांत जातो, पण त्याबद्दलची अनिश्चितता फार मोठी आहे.’ खर्चापुढे ‘अमेरिकेचा’ हा शब्द न विसरता घाला, आणि त्यात माजी सैनिकांची देखभाल आणि व्याज धरलं आहे की नाही तेही लिहा. इराकचा स्वतःचा खर्च हा वेगळा आकडा आहे, तो वेगळ्या वाक्यात द्या. वाक्य लांबेल. संपादकाने मर्यादा कापल्या तर त्या परत घालायला सांगा.